वाटाड्या बुडत नाही

३ मे, शुक्रवार

पोहोचले एकदाची! ज्या बाईला स्वतःच्या माहेरच्या गल्लीत रस्ता चुकतो, तिला पायवाटांचा नकाशा करायचं काम मिळालं, हे आईला सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. इतकी वर्षं ऑफिसात बसून दुसऱ्यांनी मोजलेल्या जागांचे नकाशे काढले. आता स्वतः मोजायचं. चारी बाजूंनी तलाव, मध्ये हे बेट, बेटावर एक टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी माझं घर. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, पुढे ओटी, खिडकीतून थेट धक्का दिसतो. छपरावर सोलर आहे, त्यामुळे दिव्याची ददात नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ती मी.

नाववाल्या काकांनी आणून सोडलं. दर मंगळवारी तेच सामान आणणार आहेत. माणूस अबोल आहे. माझी बॅग उचलली, पाण्याचे कॅन उचलले, पण धक्क्यावरून वर काही आले नाहीत.

माझ्या आधी इथे काम करणारे सर दारातच उभे होते. या म्हणाले नाहीत, पुढेही आले नाहीत. मला जरा शिष्टच वाटले. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. त्यांनी आतूनच हात लांब करून जीपीएस माझ्या हातात दिला. मुठीत मावेल एवढा, पिवळ्या रबरी कवचाचा, डोंगरातही चालतो आणि नावेतही. त्यात आपलं होम नोंदवायचं असतं, मग कुठेही भरकटलं तरी बाण घरी आणतो. तेवढं तुमच्या हातानेच करा, असं ते दोनदा म्हणाले. स्क्रीनवर प्रश्न आला, इथे होम ठेवायचं का, आधीचं पुसलं जाईल. मी म्हटलं, पुसू दे की! आणि हिरवं बटण दाबलं.

सर ओटीवरून खाली उतरले, गवतात उभे राहिले आणि चक्क रडायला लागले. मग धावतच नावेत जाऊन बसले. सामान राहिलं, चपला राहिल्या. एकटं राहून माणसाचं डोकं फिरतं म्हणतात ते खोटं नाही. चपला मी कोपऱ्यात नीट ठेवल्या आहेत.

६ मे, सोमवार

जीपीएसचं नाव मी वाटाड्या ठेवलंय. नकाशा काढणाऱ्या बाईने यंत्राला लाडाचं नाव ठेवावं, नवऱ्याला ठेवू नये, ही तक्रार नवरोबांनी आज फोनवर केलीच. फोन फक्त टेकडीच्या माथ्यावर लागतो, त्यामुळे रोज एक चढण नवऱ्याच्या नावाने घडते.

वाटाड्या गुणी आहे. मी चालते तसा मागोमाग तो स्क्रीनवर रेघ ओढत येतो. पिण्याचं पाणी कुठे, नाव कुठे लावता येते, पाण्याखाली खडक कुठे, सगळीकडे एकेक खूण करायची. काल खडकाची खूण करताना हातातून सटकून पाण्यात पडला. पण क्षणभरात पिवळी पाठ वर! नावेसाठीचा म्हणून तो तरंगतो. बुडतच नाही.

लेकीशी, ठमीशी बोलले. शाळेच्या पहिल्या दिवशी मीच सोडायला येणार, हे तिने पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. पाच वर्षांची आहे, पण वचन घेण्यात वकील. वाचता येत नाही तरी बाबाच्या फोनवर काहीही विचारलं की हिरवं बटण दाबते, असं नवरोबा वैतागून सांगत होते. परवा त्यांच्या साहेबांनाच फोन लावला तिने. जून लागायच्या आत मला घरी पोहोचायचंय. काम तेवढ्यात होईल.

११ मे, शनिवार

आज गंमत झाली. वल्ह्याची छोटी नाव घेऊन समोरच्या काठाला निघाले, तिथली वाट मोजायला. सकाळचं थोडं धुकं होतं. वाटाड्या हातात, बाण नाकासमोर. बराच वेळ वल्हवल्यावर धक्का दिसला, नाव लावली, वर चढले, तर समोर माझंच घर. माझेच वाळत घातलेले कपडे.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! एकटीच हसले. धुक्यात नाव गोल फिरली असणार. धुकं निवळल्यावर पुन्हा गेले. लख्ख ऊन होतं, पलीकडची झाडं दिसत होती. त्या झाडांवरची नजर काढली नाही. फक्त घाम पुसायला एकदा डोळे मिटले. उघडले तेव्हा नाव धक्क्याला लागत होती.

ये रे माझ्या मागल्या. आता मात्र हसू आलं नाही. स्क्रीनवर माझी रेघ तलावाच्या मध्यापर्यंत सरळ गेली होती आणि तिथून तितकीच सरळ परत आली होती.

१४ मे, मंगळवार

आज काकांच्या नावेतून गावात जायचं ठरवलं. भाजीचं निमित्त काढलं. पुढच्या फळीवर बसले, दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे धूत होती, तिच्या साडीचा निळा रंगसुद्धा दिसला. बुटाची नाडी सुटली म्हणून वाकले.

मान वर केली तेव्हा मी माझ्या धक्क्यावर उभी होते आणि काकांची नाव पाठमोरी चालली होती. ओरडले. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं की तुम्हीच म्हणालात, घर आलं, उतरते.

मी असं म्हटलेलं नाही. मला भीती वाटतेय. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं, पण होत नाही.

टेकडीवर जाऊन नवऱ्याला फोन केला. मला घेऊन जा म्हटलं, नीट काही सांगता आलं नाही. माझा आवाज ऐकून ते गंभीर झाले. रविवारी जमणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो म्हणाले. ठमीलाही आणा, असं मीच म्हटलं. मीच.

१६ मे, गुरुवार

वाटाड्यात सरांच्या जुन्या रेघा अजून आहेत. आज पाहिल्या. सगळ्या दिशांना गेलेल्या आणि सगळ्या याच घरात परत आलेल्या. नंतरनंतरच्या रेघा आखूड होत गेल्यात. शेवटची ओटीपर्यंतही नाही.

टेकडीवरून त्यांना फोन केला.  माझा आवाज ओळखताच म्हणाले, माफ करा ताई. त्यांनी सांगितलं की ज्याने बटण दाबलं त्याला ते घर सोडत नाही, आणि दिवसेंदिवस आखडत जातं. आधी पाणी बंद, मग टेकडी, मग अंगण, मग उंबरठा. आपलं होम आपल्या बोटाने बदलत नाही. दुसऱ्याने स्वतःच्या हाताने हिरवं दाबलं तरच आपण सुटतो आणि तो अडकतो. माझ्या जागी तुम्ही आलात, तुमच्या जागी कुणीतरी येईल, फक्त आपलं माणूस तेवढं येऊ देऊ नका, असं म्हणून ते रडू लागले. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. बोलता बोलता माझ्या फोनची बॅटरी संपली.

ठमी येतेय. तिला येऊ नको म्हणून सांगायला हवं. फोन चार्जिंगला लावलाय. उजाडलं की टेकडी चढायची.

१७ मे, शुक्रवार

टेकडी चढले. माथ्यावर पाऊल टाकलं ते ओटीवर पडलं.

सकाळपासून चढतेच आहे. उजवीकडून, डावीकडून, पाठ करून, डोळे ताणून उघडे ठेवून. डोळ्यांतून पाणी आलं आणि पापणी लवली की ओटी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण शाळेत पाठ केली होती. फोनला रेंज नाही. हात वर करून ओटीवर नाचले अक्षरशः. नाही.

२१ मे, मंगळवार

काका आले. सामान धक्क्यावर ठेवलं. मी अंगणाच्या कडेपर्यंतच जाऊ शकते आता. त्यांना वर बोलावलं, हातापाया पडले, तेव्हा कुठे चार पावलं वर आले.

मी वाटाड्या पुढे केला. हे खोटं लिहिणार नाही. जरा बघता का, हे बटण दाबलं जात नाही, असं म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला फसवायला निघाले होते मी. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मग लक्षात आलं की पहिल्या दिवसापासून त्यांनी त्याला बोट लावलेलं नाही.

निदान नवऱ्याला निरोप द्या म्हटलं, त्यांना आणू नका. ते मान खाली घालून बोलले. घर रिकामं राहिलं तर ते मला बोलावील, बाई. मी फक्त नाव चालवतो. येतील त्यांना आणायचं.

माझ्यापेक्षा त्यांना जास्त भीती वाटते. त्यांना शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण आत्ता मीही तेच करत होते.

२२ मे, बुधवार

ठमीच्या हाती तो लागता कामा नये. बाकी काही नाही, एवढंच.

सेल काढले. स्क्रीन काळी पडली. तरी अंगणाची कड ओलांडता आली नाही. पाट्यावरच्या वरवंट्याने ठेचला. दगडाचा टवका उडाला, त्याला काही नाही. मग दोरीने तोच दगड त्याला बांधला, सात गाठी मारल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून अंगणाच्या कडेवरून पाण्यात भिरकावला. डुबुक आवाज आला. बराच वेळ बघत बसले. वर आला नाही.

आता मी अडकले तर अडकले. ते येतील, दारातून बोलू, ठमीला पोटाशी धरीन, आणि तिला परत पाठवीन. शाळेत बाबा सोडेल. ठमी रागावेल माझ्यावर. रागावू दे.

२४ मे, शुक्रवार

अंगण गेलं. ओटीही गेली. उंबरठ्यावर पाय ठेवला की मी आतल्या भिंतीपाशी —

सरांच्या चपला अजून कोपऱ्यात आहेत. आता कळलं ते अनवाणी का होते. घालून जायचं कुठे?

२५ मे, शनिवार

सकाळी खिडकीतून काठाकडे पाहिलं. लव्हाळ्यात काहीतरी पिवळं आहे. पान असेल.

पान हलतंय लाटेबरोबर. त्याला दोरीचा तुकडा —

मी जाऊ शकत नाही. दहा पावलांवर आहे आणि मी —

२६ मे, रविवार

नाव दिसली. लाल फ्रॉक. माझी ठमी.

वहीची पानं फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलंय, परत जा. खिडकीत धरलंय. नवरा हात हलवतोय. त्याला वाटतंय मी —

ओरडतेय. इंजिनचा आवाज. काका माझ्याकडे बघत नाहीत.

उतरले. तो बॅग उतरवतोय. ती पुढे पळाली. ठमे थांब, बाबाचा हात धर —

लव्हाळ्यापाशी वाकली.

तिच्या हातात आहे. सेल नाहीत त्यात, मी काढलेत, माझ्यासमोर ओट्यावर आहेत, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडलाय स्क्रीनचा —

ती विचारतेय. आई, हे काहीतरी विचारतंय, मी दाबू?

नको ठमी नको ठमी टाक ते हिरवं नको —

हसली.

मी उंबरठ्यावर उभी आहे. पाय —

पाय बाहेर पडला. किती सहज