खोली नंबर दोनचं गिऱ्हाईक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात). दाजींचा गुडघा आता वळत असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तू कळवलंस की बाबांना बघायला दोन दिवस येतेस, पण आम्हाला त्रास नको म्हणून हॉटेलात उतरशील. ताई, हॉटेल कशाला शोधतेस? वर्ष झालं, आम्हीच लॉजमध्ये राहतोय. ज्या लॉजच्या काउंटरवर बाबांनी उभी हयात घालवली, ते लॉज आता आपल्या बैठकीच्या खोलीत आलंय. चपलांचं कपाट हे काउंटर. त्यामागे इस्त्रीच्या शर्टात बाबा आणि भिंतीवर खिळ्यांना घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्या, संडासासकट. मी ऑफिसातून आलो की हसून विचारतात, "या साहेब. सिंगल की डबल?"

सुरुवातीला मी वाद घालायचो. बाबा, हे घर आहे, मी तुमचा मुलगा. त्यावर ते घाबरायचे, रडवेले व्हायचे आणि ड्यूटीला उशीर झाला म्हणत रस्त्याला लागायचे. एकदा चौकातल्या औषधवाल्याने हाताला धरून आणून सोडलं, तेव्हा मी डॉक्टर गाठले. डॉक्टर म्हणाले, खरं-खोटं करू नका, त्यांच्या कलाने घ्या. (डॉक्टरांचं काय जातंय! ते आपल्या घरात किल्ली न मागता झोपतात.) कलाने घेतलं आणि हां हां म्हणता लॉजची भरभराट झाली.

पहिल्याच दिवशी मी आणि तुझी भावजय डबल रूम मागायला गेलो, तर बाबांनी नवरा-बायको असल्याचा पुरावा मागितला. इथे तसले प्रकार चालत नाहीत म्हणाले. शेवटी लग्नाचा अल्बम काढून काउंटरवर ठेवला. बाबांनी चष्मा पुसून फोटो बघितला, आम्हा दोघांना सोडून शेजारी उभ्या असलेल्या स्वतःवरच बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे गृहस्थ घरंदाज दिसतात. यांच्या शब्दावर देतो खोली." (भावजय तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. हसत होती की रडत, ते तिलाही अजून सांगता येत नाही.) तेव्हापासून आम्ही खोली नंबर दोन.

मग फ्रीज दुरुस्तीवाला आला. त्याला बाबांनी इतक्या अदबीने आमच्याच खोलीची किल्ली दिली की तो बिचारा गेला आणि दुपारभर घोरत पडला. उठवलं तर म्हणाला, लोक मला बसासुद्धा म्हणत नाहीत, तुमचे वडील झोपा म्हणाले. फ्रीज अजून बंदच आहे. रविवारी बाराच्या ठोक्याला चेकआउट. मी आंघोळ करून निघालो तर माझी बॅग जिन्यात; ती आणायला टॉवेलवर बाहेर पडलो आणि मागून दार लागलं. खोल्या फुल्ल आहेत, असं आतून सांगण्यात आलं. शेजारीण वर येत होती, ती भिंतीकडे बघत जिना चढली, हे तिचे उपकार.

लोकांनी येणं सोडलंय. भावजयीने शिकवण्या बंद केल्या. तू फोनवर सांगितलेले अक्रोड आणि शब्दकोडी दोन्ही आणली. अक्रोड बाबांनी गिऱ्हाइकांना वाटले, कोडी मी सोडवतो.

मी कसलीही तक्रार केली की बाबा म्हणायचे, "संध्याकाळी माझा मुलगा येतो, त्याला सांगा. फार समजूतदार पोरगा आहे." या पोराचा मला इतका हेवा वाटायला लागला की एकदा ऑफिसची बॅग जिन्यातच लपवली आणि हात हलवत आत आलो. बाबांनी वर बघितलं. "आलास?" म्हणाले. ताई, मी चपला काढायचंसुद्धा विसरलो. मग उलगडलं: लॉजमध्ये बॅग घेऊन येतो तो गिऱ्हाईक, मुलगा रिकाम्या हाती येतो! आता रोज संध्याकाळी मी घटकाभर मुलगा होतो आणि काउंटरमागे बसून खोली नंबर दोनच्या गिऱ्हाइकाची गाऱ्हाणी ऐकतो. (फार चिडका माणूस आहे म्हणे.)

तेव्हा आमची अजिबात काळजी करू नकोस. मजेत चाललंय. दोन दिवस पुष्कळ झाले. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. येताना बॅग आणू नकोस. कपडे भावजयीचे वापर. हात हलवत आलीस तर मुलगी ठरशील, नाहीतर आगाऊ भाडं भरावं लागेल.

ता. क. दुसरा. दोन दिवस पुरायचे नाहीत. महिनाभर ये.

ता. क. तिसरा. वरचं मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही. काल काउंटरमागे बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अरे, त्या दोन नंबरवाल्याकडे लक्ष ठेव. माणूस वाईट नाही, दमलाय. नळ सोडून आत रडत बसतो, मला ऐकू येतं. त्याचं कुणीतरी असेलच ना? त्यांना कळव. म्हणावं, या आणि सांभाळा याला." मॅनेजरसाहेबांचा हुकूम आहे, म्हणून कळवलं.