डावा वेढा

९ जिल्काद १२४१, गुरुवार

तोफा! दुपारपासून एकशे चौदा मोजल्या, मग मोजणं सोडलं. मी — मोजणं सोडलं! पादशहांच्या तोफखान्याने येनिचेऱ्यांच्या बराकीचा दरवाजा उडवला आणि आत आग लावली. ज्या पलटणींच्या जोरावर हे तख्त व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत गेलं, त्या आज आपल्याच धन्याच्या हातून भाजून निघाल्या. जळक्या चरबीचा वास एदिर्ने दरवाजाजवळ आमच्या घरापर्यंत येतोय. बायकोने, हेस्नाने, चूल पेटवली नाही.

संध्याकाळी नुमान आला. आमचा जावई, गुल्सुमचा नवरा, येनिचेऱ्यांच्या जहाजी नांगराची खूण असलेल्या पलटणीतला. भुवया जळालेल्या, पायात एकच जोडा. "बाबा, दारं बाहेरून लावली होती..." एवढं म्हणाला आणि ओकला.

मला हा माणूस कधी आवडला नाही. काकड्या कडू निघाल्या म्हणून याने भाजीवाल्याचं नाक फोडलं होतं. पण आता तो माझ्या कामाच्या छपरात आहे, मी अर्धवट कोरलेल्या कबरीच्या दगडांमागे.

११ जिल्काद, शनिवार

दवंडी पिटली. येनिचेरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लपवणाऱ्यालाही तीच शिक्षा. दंडावरचं गोंदण बघतात. पलटणीची खूण दिसली की गळ्याला दोरी. घोडेमैदानातल्या चिनाराखाली प्रेतं लाकडांसारखी रचलीत. हेस्ना बघून आली. "कुत्री हाकलायलाही कुणी नाही हो," म्हणाली. गाडीत भरून समुद्रात टाकतात. मासे कुणी घेत नाही.

१२ जिल्काद, रविवार

कब्रस्तानात बोलावणं. ज्या दगडावर येनिचेऱ्याचं पागोटं कोरलंय, त्याचं मुंडकं उडवायचं. एकशे बारा दगड. एकतीस माझ्या हातचे.

शिपाई दिसेल त्यावर घण घालत होते. मला राहवलं नाही. "अरे गाढवा, तो दर्वेशाचा टोप आहे! त्याने तुझं काय घोडं मारलंय?" मी ओरडलो. बरोबरचा कारकून — काशिफ एफेंदी, गोरा, बारीक आवाजाचा — जवळ आला.

"उस्ता, तुम्हाला खुणा कळतात?"

"एकशे शहाण्णव पलटणी, एकशे शहाण्णव खुणा. उंट, किल्ली, नांगर, कुठली हवी?"

"शिकलात कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. या दगडांवर बोट फिरवून अक्षरं शिकलो, खुणाही."

त्याच्या भुवया वर गेल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

उद्यापासून मैदानातल्या तंबूत बसून दंड वाचायचे आहेत. नाही म्हणायची सोय नाही, घरात नुमान आहे. हेस्नाला सांगितलं तर म्हणाली, "तुमची जीभ दगडाची असती तर गप्प तरी बसली असती."

१३ जिल्काद, सोमवार

तेवीस दंड पाहिले. सातजण सुटले. एका हमालाच्या दंडावरचा उंट दोन कुबडांचा होता. पलटणीचा उंट एका कुबडाचाच, मी ठासून सांगितलं. त्याने माझ्या हाताचे मुके घेतले. मी नसतो तर गेला होता.

उरलेले सोळा. तंबूच्या मागेच उरकतात. मधे फक्त कापड. टाचा जमिनीवर आपटतात. मग आपटत नाहीत. एकजण जाता जाता ओरडला, "माझ्या बापाचा दगड तूच कोरलास रे, उस्ता!" खरं होतं. कालच मोडला.

१४ जिल्काद, मंगळवार

सुचलं! नांगर गोदीतले खलाशीही गोंदतात. कसाही, वाकडातिकडा. पलटणीच्या नांगराला दोरी नसते. तेव्हा नुमानच्या नांगराला दोरी काढली. डावीकडून, दोन वेढे. तीन सुया एकत्र बांधून, दिव्याच्या काजळीने. तो कातड्याचा तुकडा चावत होता.

"जावईबापू, हलू नका, वेढा बिघडेल."

"बाबा, इथे जीव जातोय, तुम्हाला वेढ्याचं पडलंय!"

गुल्सुम रडता रडता हसली. वेढा उत्तम आला. संगमरवरावरही याहून चांगला येता ना.

२० जिल्काद, सोमवार

पकडला. आमच्या मोहल्ल्याची झडती झाली, छपरातून ओढून काढला आणि आणला तो माझ्याच मेजासमोर! अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा अक्कल वापरली. मी कुणाच्याही आधी बोललो.

"हा गोदीतला. माझ्याकडे दगड उचलायला येतो. गोदीच्या नांगराला दोरीचे दोन वेढे असतात, डावीकडून. पलटणीच्या नांगराला नसतात."

असा काही नियम नाही. तिथल्या तिथे रचला. काशिफ एफेंदीने नुमानच्या दंडावरून अंगठा फिरवला. अंगठा रुमालाला पुसला. लेखनिकाला म्हणाला, "लिहून घे, उस्तांनी सांगितलं तस्सं."

सोडला! हेस्नाने अकरा दिवसांनी भात शिजवला.

२१ जिल्काद, मंगळवार

तो नियम आज मोठ्याने वाचून दाखवला. मग चौघांना आणलं, कासिमपाशाच्या गोदीतले. चौघांच्याही दंडावर नांगर. एकाला दोरीच नाही. दोघांचा एकेकच वेढा. चौथ्याचे दोन होते — उजवीकडून. तो जहाजाच्या फटींत डांबर भरणारा. नखांत डांबर अजून होतं. "अहो, मी गोदीतच जन्मलो! आईला विचारा!"

काशिफ एफेंदीने माझ्याकडे बघितलं.

नियम खोटा म्हणालो तर नुमान गेला. "वेढा उजवा आहे," मी म्हणालो.

चौघांच्या टाचा ऐकल्या.

२२ जिल्काद, बुधवार

पाच. एकाला दोनदा आवळावं लागलं.

२३ जिल्काद, गुरुवार

पहाटे दारात गोदीतली अकरा माणसं. पुढे शिडं शिवणारा म्हातारा. "उस्ता, आम्हालाही तेवढा डावा वेढा काढून द्या. पोराबाळांचे आहोत." ज्याने दोरी वळली त्याच्याकडेच आलेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओळीने बसले. खऱ्या खलाशांना खलाशी दिसण्यासाठी मी गोंदलं. दुपारपर्यंत अकराही. एकही वेढा चुकला नाही. चुकायला हवा होता.

नुमानने मागून सगळं पाहिलं. ते गेल्यावर म्हणाला, "बाबा, मी जातो मैदानात. सांगून टाकतो."

गुल्सुमने त्याच्या थोबाडीत मारली. "रविवारी गलबत आहे! तीन दिवस! तीन दिवस तुला गप्प बसता येत नाही?"

मग हेस्ना, माझ्याकडे न बघता: "तीन दिवसांत किती होतील, तुम्हीच सांगा. तुम्हाला नेमकं येतं."

२४ जिल्काद, शुक्रवार

त्या अकरांतले तीन सापडले. गोंदण ओलं. शिडं शिवणारा त्यांत होता. माझ्यासमोर उभा राहिला, पण माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? म्हातारी मान, लवकर आटोपलं.

२६ जिल्काद, रविवार

गलबत सुटलं. सिनोपला जाणारं, मिठाच्या पोत्यांत दोघं. गुल्सुमने आईचाच निरोप घेतला. नुमानने हाताचा मुका घेतला, कपाळाला लावला. मी त्याला "बाळा" म्हणालो. आजवर कधी म्हणालो नव्हतो.

आता मला कुणाची भीती नाही. कालचे चार धरून एकवीस तारखेपासून सोळा माणसं गेली, एकही येनिचेरी नव्हता. उद्या मैदानात जाऊन सगळ्यांसमोर सांगणार: नियम खोटा, मी रचलेला. मग माझ्याही टाचा आपटतील, आपटोत. हेस्नाला सांगितलं. तिने धुतलेला सदरा काढून ठेवला. रडली नाही. किती वर्षांनी तिने माझ्याकडे असं बघितलं.

२७ जिल्काद, सोमवार

सांगितलं. मोठ्याने, शब्दन् शब्द.

काशिफ एफेंदी लेखणीचं टोक तासत होता. त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे. जावई नीट निघाला ना सिनोपला?"

मग म्हणाला, "बसा उस्ता. आज सहा आहेत."

बसलो.