मागच्या दारची फरशी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. आधी सिमेंट कालवायचा सराव करावा म्हटलं, तर मोबाइल त्यातच पडला. मी शोधेपर्यंत तो तिथला कायमचा रहिवासी झाला.

बाबा मागच्या बागेत एकटे जाऊ शकले तरच त्यांना घरी पाठवीन, असं तू म्हणालीस. बरोबरच आहे. त्या चिखलात वॉकर काय, बदकसुद्धा रुतेल. म्हणून दारापासून गुलाबांपर्यंत फरशी मीच घालतोय. फरशीच्या दुकानदाराने विचारलं, याआधी काय काय केलंय? मी म्हटलं, होडी रंगवलीय, सर्कशीचा तंबू ठोकलाय. त्याने फरश्या मोजून दिल्या. मग म्हणाला, उतार घराकडून बागेकडे ठेव, एवढं तरी कर.

काल खणायला घेतलं. जरा खाली गेलो तर कपाचा तुटका कान निघाला. आईच्या निळ्या सेटातला वाटला, म्हणून उरलेला कप शोधण्यात दुपार गेली. खड्डा मस्त झालाय, पण भलतीकडे.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर मला पेलायचा नाही.

तुझा,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हसू की रडू कळेना. तू अर्धं रंगवलेलं कपाट अजून माझ्याकडे आहे. पाहुणे विचारतात, ही नवी फॅशन का? या वेळी तसं करू नकोस रे. बाबा इथे चौथ्या मजल्यावर माझ्या कुंड्या पाण्यात बुडवतायत. तक्रार करत नाहीत, तेच मला खातं. काल जेवताना उगाच विचारल्यासारखं विचारलं, खडी नीट ठोकून बसवली का त्याने? मी हो म्हटलं. मला खोटं पाडू नकोस. महिनाअखेरीपर्यंत झालं नाही, तर त्यांना कायमचं इथेच ठेवावं लागेल. मला दोन घरं ओढवत नाहीत.

वेळेवर जेव. रागावले असेन ते मायेत धर.

ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फरशी झाली! म्हणजे, झाली होती. खडी ठोकली, वाळू पसरली, पाणसळीतला बुडबुडा बघत बघत एकेक फरशी बसवली. उतार असा की बादली ओतली तर पाणी निमूट गुलाबांकडे जातं. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर काका बघायला आले. मी ऐटीत आतून दार ढकललं. ते बोटभर उघडलं आणि उंच झालेल्या फरशीला अडलं.

आपलं दार बाहेर उघडतं, ताई! लहानपणापासून तेच दार आपटून घरातून पळालो, आणि तेवढंच विसरलो. काम चालू असताना बाजूच्या बोळातून ये-जा केली, मग आठवणार कसं? काका फटीतून म्हणाले, काही म्हण, चोर मात्र यायचा नाही.

दार खालून कापावं म्हटलं, पण मग बाबांना फरशीवर पायरी चढावी लागणार. म्हणजे सगळं उखडून पुन्हा खणणं आलं. नेमकी उद्याच बाहुल्यांच्या खेळवाल्यांची गाडी निघतेय, तिच्यावर मी ड्रायव्हर ठरलो होतो. जाऊन सांगून आलो, दुसरा बघा. फरशीसाठी म्हटल्यावर ते खूप हसले. मीही हसलो, पण माझं लवकर संपलं.

बाबांना सांग, खडी पक्की ठोकली होती. उखडताना जीव जातोय.

शिव्या घालायच्या तर घाल, पण पत्राने घाल, म्हणजे उशिरा पोचतील.

भिंगरी

३१ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

काल तू मला घरी सोडून गेलीस आणि तासाभरात मी बागेत होतो. दार सताड उघडलं. वॉकर कुठेही अडखळला नाही. भिंगरी दाराआडून, बघत नसल्यासारखा बघत होता. मीही मागे वळलो नाही. गुलाबांशी पोचलो तेव्हा मागून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

काम उत्तम झालंय. पण हे त्याला कळवू नकोस. उत्तम म्हटलं की हा उद्या निघेल. म्हणून मी, कोपऱ्यातली एक फरशी डुगडुगते, असं सांगून ठेवलंय. सकाळपासून तिच्याशेजारी उपडा पडून तपासतोय, डुगडुग काही सापडत नाही बिचाऱ्याला. दोन दिवसांनी दुसरी दाखवीन. फरश्या पुष्कळ आहेत.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच.

बाबा