अडतीस सेकंद

१४ मार्च, मंगळवार
सभागृहामागची साउंडची खोली

तीर्थरूप मामा,

नमस्कार. साष्टांग आत्ताच लिहीत नाही. पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला तो हवा असेल की नाही, ठाऊक नाही. शेवटी बघू.

एकाच घरात राहून भाच्याने मामाला पत्र लिहायचं म्हणजे कमालच आहे. पण सहा दिवस तुम्ही माझ्याशी "दार लावून घे" आणि "पंखा बंद कर" यापलीकडे बोलला नाहीत. मी बोलायला बसलो की माझा आवाज चढतो, आणि मामी हात पुसत येऊन मध्ये उभी राहते. म्हणून कागद. हा मी तुमच्या टेबलावरच्या 'आवक'च्या ट्रेमध्ये ठेवणार आहे, कारण तिथला कागद तुम्ही न वाचता कधी पुढे सरकवला नाहीत. शिक्का मारायचा तर मारा.

घरचं सगळं ठीक. मामीच्या डोळ्यांत दुपारचे थेंब घालून आलो. ती म्हणाली, "मला नीट दिसत नाही म्हणून तुम्ही दोघं समजता मला काही कळत नाही." मी म्हटलं, काही झालेलं नाही. ती म्हणाली, "मग दोघंही जेवताना ताटाशी का बोलता?" आईचा फोन आला होता. पुन्हा कॉलेजचंच. दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून याने काय मिळवलं, वगैरे. मी म्हटलं, नोकरी मिळवली. "ती मामाने मिळवली," ती म्हणाली. खरंच आहे ते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

सभेच्या दिवशी माइक बंद पडला, त्याबद्दल लिहायचं आहे.

बंद पडला असं पुन्हा लिहून गेलो. बघा, सवय किती लवकर लागते.

पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्हाला यातलं अर्धंच माहीत आहे. माझं बोट दारात चेमटलं होतं तेव्हा एक्स-रे काढायला तुम्हीच मला सरकारी दवाखान्यात पाठवलंत. तिथली एक्स-रेवाली काचेआडून म्हणाली, "हलू नका. श्वास रोखा." मी रोखला. ती म्हणाली, "बोटाचा एक्स-रे आहे हो, श्वास घ्या की." तेव्हापासून मामा, मी नीट श्वास घेतलेला नाही. हसा. त्यानंतर दोन वेळा मी बोट उगाच दुखतंय म्हणून गेलो. तिसऱ्यांदा तिने जुनीच फिल्म उजेडात धरली आणि म्हणाली, "हाड जुळलंय. आता डोक्याचा काढायचा का?"

मग कळलं की ती आपल्या चित्रकलेच्या सरांची मुलगी. शाळेत ज्यांनी मला अर्धा तास नुसता रिकामा पेला बघत बसवलं होतं, ते सर. ते ज्यू आहेत हे शाळेत आम्हाला माहीत होतं, पण ते शनिवारी येत नाहीत एवढ्यापुरतंच. त्या दिवशी कोण वर्ग घेणार, एवढीच आम्हाला काळजी.

अठ्ठावीस फेब्रुवारीच्या नगरपालिकेच्या सभेत विषय क्रमांक अकरा होता रस्ता रुंदीचा. ज्यूंच्या दफनभूमीची भिंत नऊ फूट आत सरकवायची. त्या नऊ फुटांत चौदा कबरी येतात, आणि त्यांतली एक तिच्या आईची. सर आणि ती प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मी काचेआडून बघत होतो. या वेळी काच माझ्या बाजूला होती.

बांधकाम सभापती बोलायला उठले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांच्यापासून चार हातांवर बसला होतात.

त्यांच्या पहिल्या चार शब्दांतच गाडी कुठे चालली आहे ते कळलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी मुख्य कळ खाली ओढली. सैल वायर नाही, बिघाड नाही. हाताने ओढली. मनात एवढंच होतं की हे तिच्या कानावर जाता कामा नये. खोटं कशाला बोलू, आणखीही एक होतं. वाटलं, आवाज गेला की ती मागे वळून बघेल, काचेआड मी दिसेन, आणि तिला कळेल की हे याने केलं.

तिने वळून बघितलं नाही. ती सभापतींकडे बघत होती. त्यांचा आवाज तुम्हाला माहीतच आहे, त्यांना माइकची गरज कधी होती? मोकळ्या गळ्याने त्यांनी उरलेलं पुरं केलं. सगळ्या सभागृहाने ऐकलं. तिनेही ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त रेकॉर्डिंगने. कारण रेकॉर्डिंगची वायर मुख्य कळीच्या पुढे जोडलेली आहे. कळ खाली गेली की सभागृहातल्या स्पीकरच्या पेट्याही गप्प आणि रेकॉर्डिंगही मुकं. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दुसरं कुणीही असतं तर आधी ते आठवलं असतं. मला आठवलं अडतीस सेकंदांनी, कळ परत वर करताना. त्याच अडतीस सेकंदांत एक माणूस जे बोलला त्याचा पुरावा मी माझ्या हाताने पुसला.

सरांनी तक्रार केली. अध्यक्षांनी तीन जणांची समिती नेमली. वार्ताहर मला जिन्यात भेटून म्हणाला, "रेकॉर्डिंग दे, उद्या पहिल्या पानावर छापतो. नुसत्या ऐकण्यावर संपादक हात लावायचे नाहीत." सभागृहात एकतीस सदस्य होते. त्यांतले कितीतरी हसले होते, ते हसणं मी काचेतून मोजू शकलो असतो. समितीपुढे एकालाही काही आठवेना. विरोधी पक्षनेते म्हणाले, सभापती मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत, भावनेच्या भरात काही गेलं असेल तर आपलं लक्ष नव्हतं. त्या बाई सदस्या, ज्या मला येता-जाता "जेवलास का रे" विचारतात, त्या म्हणाल्या त्या वेळी त्या फोनवर होत्या. फोन त्यांच्या पर्समध्ये होता. मी बघितला होता.

आणि मग गेल्या बुधवारी मला बोलावलं.

मामा, मी त्या खोलीत सगळं सांगायलाच आलो होतो. शपथ घ्यायची तर कुणाची घेऊ? घरून निघतानाच ठरवलं होतं. आत आलो, तर जबानी लिहायला तुम्ही. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "आवाज का गेला?" तुम्ही मान वर केली नाहीत. पाण्याचा पेला फक्त माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "घाई नको. विचार करून सांग." एवढंच. पण तुम्ही हात काढेपर्यंत पेल्यातलं पाणी हलत होतं. चार महिन्यांनी तुमची निवृत्ती. मामीचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी. तुमच्या शब्दावर मला घेतलेलं. हे सगळं मला त्या पाण्यात दिसलं आणि मी म्हणालो, "वायर सैल होती."

तुम्ही ते तुमच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलंत. मी सही केली.

एरवी मी एवढा भडक्या. तुम्हीच ठेवलेलं नाव. चहात माशी पडली तरी कपबशी आपटणारा. आणि तिथे माझी बोबडी वळली. मी तुम्हाला दोष देत नाही. खोटं माझ्या तोंडून आलं, तुमच्या नाही.

त्या तीन शब्दांनी काय केलं ते सांगतो, कारण आपल्या घरी वर्तमानपत्राचं ते पान तुम्ही घडी घालून रद्दीत ठेवता. समितीने ठरवलं की नुसता बिघाड होता, पुरावा नाही, म्हणजे तक्रार खोटी, सरांनी सभापतींची बदनामी केली. शुक्रवारी शाळेने त्यांना 'वातावरण निवळेपर्यंत' घरी बसायला सांगितलं. एकतीस वर्षांची नोकरी. रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीतून दगड आला.

मी रविवारी दुपारी तिथे गेलो होतो. घरी सांगितलं की मित्राकडे जातोय.

दार तिनेच उघडलं. काचा झाडून एका पुठ्ठ्यावर गोळा केल्या होत्या. सर टेबलाशी बसले होते. तो दगड त्यांनी टेबलावर ठेवला होता, नारळाएवढा, एका बाजूने डांबर लागलेला, आणि ते पेन्सिलने त्याचं चित्र काढत होते. मला म्हणाले, "ये. पेल्यापेक्षा दगड अवघड. पेल्याला आकार असतो, दगडाला नुसतं वजन. ते वजन कागदावर आणायचं." मग म्हणाले, "तुझी वायर बसली का नीट?"

टोमणा नव्हता, मामा. ते खरंच विचारत होते. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. समितीपुढे मी काय बोललो ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि त्यांचं म्हणणं असं की तो मुलगा खोटं बोलणार नाही, वायर सैलच असेल, आपलं नशीब.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. कळ मी ओढली. का ओढली तेही. सरांची पेन्सिल थांबली. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "मला ऐकू येऊ नये म्हणून?"

"हो."

"मी असलं ऐकतच मोठी झालेय. शाळेत, बसस्टॉपवर, दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या पेशंटकडून. मला वाचवायला कुणी सांगितलं होतं? ते सभागृहाबाहेरच्या लोकांना ऐकवायचं होतं. पहिल्यांदाच असलं कुणी माइकवरून बोलत होतं."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"चूक अडतीस सेकंदांची होती. बुधवारी तू खुर्चीवर बसून, पाणी पिऊन बोललास. त्याला काय म्हणायचं?"

दार लागलं. मी खाली येऊन त्या फुटक्या खिडकीखाली उभा राहिलो आणि सभापतींच्या घरी जाऊन त्यांची कॉलर धरायचं मनात आणलं. निम्म्या रस्त्यापर्यंत गेलोही. मग लक्षात आलं, हे पुन्हा तेच. पुन्हा मी मला बरं वाटावं म्हणून काहीतरी ओढणार, आणि काचा त्यांच्या घरी पडणार. परत फिरलो.

उद्या अकरा वाजता सरांना समितीपुढे लेखी माफी मागायची आहे, तुम्हाला माहीतच आहे. कागद तुम्हीच टाइप केलाय. माफीनामा दिला नाही तर बदनामीचा दावा, आणि सरांना शाळा कायमची बंद. सर सही करणार नाहीत. रविवारी तीच म्हणाली होती, बाबांनी आयुष्यात दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर सही केली नाही.

सरांच्या आधी मी उभा राहणार आहे. कळ मी ओढली आणि गेल्या बुधवारी खोटी सही केली, हे सांगणार आहे. माझी नोकरी उद्याच जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. ते माझं मी बघेन. पण ते विचारतील की मग सभापती काय बोलले, आणि माझ्या बोलण्याला किंमत काय? एकदा खोटं बोललेला, कॉलेज सोडलेला, सरांच्या मुलीच्या मागे लागलेला पोरगा. सभापतींचे वकील हे पहिल्या मिनिटात काढतील. मीच त्यांच्या जागी असतो तर काढलं असतं.

म्हणून ते वाक्य इथे लिहितो. दोन आठवडे मी ते कुणापुढे उच्चारलेलं नाही, सरांच्या घरीही नाही. तुमच्या इतिवृत्तात लिहिलंय, 'मा. सभापतींनी विषयाबाबत आपली मते मांडली.' ती मते अशी:

"ही माणसं जिवंत असताना आपल्या उरावर बसतात आणि मेल्यावर आपला रस्ता अडवतात. महायुद्धात ज्यांनी यांना साफ करायला घेतलं होतं, त्यांनी काम अर्धवट टाकलं. उरलेलं आपण रस्त्याच्या निमित्ताने करू."

मग हशा. मग विरोधी पक्षनेत्यांकडे बघून, "काय, बरोबर ना?" मग पुन्हा हशा. सर तेव्हा उठून उभे राहिले होते, आणि त्यांना खाली बसायला सांगण्यात आलं.

लिहिताना हात कसा झाला ते सांगत नाही. तुम्हाला कळेल. कारण तुम्हीही ते लिहिलंय.

काचेतून मी तुमच्याकडे बघत होतो, मामा. माइक गेल्यावर सगळ्यांनी माना इकडेतिकडे वळवल्या. तुम्ही नाही. तुमची पेन्सिल लघुलिपीच्या वहीवर चालत होती. अडतीस सेकंदांत एकदाही थांबली नाही. लहानपणी तुम्ही मला सांगायचात की लघुलेखकाचा हात त्याच्या मनाला विचारत नाही, कान ते हात, मध्ये कुणी नाही. मला तुम्ही त्यातल्या वीसेक खुणा शिकवल्या होत्यात. बाकीच्या तुमच्या स्वतःच्या, त्या तुमच्याशिवाय जगात कुणाला वाचता येत नाहीत. ती वही कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. तिला मी हात लावलेला नाही. मनात आलं होतं, खोटं सांगत नाही. पण ती तुम्हीच वाचली तर ती साक्ष आहे, मी आणली तर नुसत्या रेघोट्या.

उद्या वहीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. कुणी विचारलं तरी नाही. तुम्ही इतिवृत्तातून ते का गाळलंत तेही विचारत नाही, मला त्या पेल्यातल्या पाण्यावरून कळलं. निवृत्तीला चार महिने आहेत, मामीचा डोळा आहे, हे सगळं माझ्यासमोर आहे. मी घराला आग लावून निघालोय असं मामी म्हणेल. तिचे रात्रीचे थेंब फडताळात वरच्या खणात आहेत, निळ्या झाकणाचे. मी उशिरा येईन, तेवढे तुम्ही घाला.

एवढंच सांगायचं होतं की उद्या अकरा वाजता मुख्य कळ वर असेल आणि समितीच्या टेबलावरचे चारही माइक चालू असतील. तीन त्यांचे, चौथा तुमच्या समोरचा. तो इतकी वर्षं नुसता ठेवलेला असतो.

वर राहिलेला तो साष्टांग नमस्कार इथे करतो. उद्या तुम्ही काहीही केलंत तरी तो परत घेणार नाही.

तुमच्या हाताखाली अक्षर शिकलेला,
भडक्या