भिंतीपलीकडचं उत्तर

भाऊसाहेब,

मी आठ दिवस मैत्रिणीकडे चालले आहे. बाबांना जेवणानंतर औषध दे, दर दोन तासांनी त्यांची कूस बदल. वाचा गेल्यापासून काही हवं असलं की ते भिंत ठोकतात. तुला हे कुठून माहीत असणार? जुन्या इमारती कशा जपायच्या ते शिकायला गेलास, तो दोन वर्षांनी उगवलास.

काल प्रबंधासाठी तू गिलावा कुठे सुटलाय ते ठोकून बघत होतास, तेव्हा पलीकडून बाबा दुपारभर उत्तर देत होते. तू वहीत लिहिलंस, ‘पलीकडून आवाज येतो, भिंत पोकळ.’

लेकाने हाक मारली म्हणून ते संध्याकाळी चार घास जास्त जेवले. तू भिंतीची विचारपूस करत होतास, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू सांग.

ताई