नागावच्या मांडवात चौलचे बुधाजी

माणगाव,
रविवार

तीर्थस्वरूप कल्पिताताईस सत्यवतीचा साष्टांग नमस्कार.

(नमस्कार रागाने घातला आहे, पण तू वयाने मोठी, म्हणून वाकून घातला आहे.) तुझी तब्येत बरी असेलच. घसा तर उत्तमच असणार. वापरलाच नाही तर बिघडेल कशाने? भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग, तो बिनरागाचा आहे.

लहानपणी आपण दोघी इंदूआत्याच्या ओटीवर लग्नात गायचे धवले शिकायला बसायचो, आठवतं? माझा सूर लागेना, तेव्हा आत्या म्हणाली होती, "कल्पे, तुला गला दिलाय, हिला कान दिलंत. दोघींनी आपापलं काम पुरं करा." मी रडत घरी गेले होते. पण कान मात्र नीट सांभाळले. आजही वर्गात फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावरची कुजबूज मला ऐकू येते. तू गळ्याचं काय केलंस, ते परवा नागावला अजितदादाकडे, त्याच्या दिपेशच्या हळदीत पाहिलं.

धवलारणीला तिचीच रीत सांगायची वेळ यावी याचाही राग आहे, तरी सांगते. मांडवात धवलारीण घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. नाव आलं की घरातलं कुणीतरी उठून मुहूर्तमेढीपाशी चिमूटभर तांदूळ ठेवतं, म्हणजे तो माणूस आला, बसला. म्हणून दिनानाथकाका सकाळपासून मुठीत तांदूळ धरून मेढीजवळ उभे होते. त्यांच्या वडिलांचं, नामाआजोबांचं, नाव पहिलं यायचं. (नामाआजोबा तुझेही आजोबा, तुझ्या आईचे वडील. मी नुसतं लक्षात आणून देते आहे.)

तू आलीस, चटईवर बसलीस, तांदळाचं सूप पुढ्यात ओढलंस, आणि काय तो आवाज लागला! माझ्या अंगावर काटा आला. मग तू चहा प्यालीस आणि आवाज चालूच राहिला. सुपारी तोंडात टाकलीस, तरी चालूच. (दादाच्या होमस्टेत उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी याचा व्हिडिओ काढला आहे. कोकणातल्या बायका बशीतून चहा पिता पिता गातात, असं ते आता पुण्यात सांगत असतील.) सुपामागे स्पीकर होता हे मला तेव्हाच कळलं. बाकीच्यांना कळलं ते, तुझ्या आवाजाने चौलच्या बुधाजींना मांडवात बोलावलं तेव्हा. मागोमाग त्यांच्या दोन्ही बायकांना बोलावलं, मग त्यांच्या भावाला. तू जिथे रेकॉर्डिंग करून ठेवलं होतंस, त्या चौलच्या लग्नातलं अख्खं घराणं नागावात उतरलं आणि त्यांच्यासाठी तांदूळ ठेवायला आमच्यातलं कुणी उठेना. वेणूबाई शेजारणीला विचारत होती की हे बुधाजी मुलीकडचे का? मुलीकडच्यांना वाटलं आमच्याकडचे. शेवटी कुणीतरी बिचाऱ्यांसाठी पाट मांडला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. (बसले नसते. पण पत्र आखूड झालं असतं.) त्याच रेकॉर्डिंगमध्ये मधेच कुणी बाई म्हणाली, "बस कर गो आता, पानं वाढलीत, चला समदी." आणि आमचा सगळा मांडव उठला! पोरंबाळं, व्याही, पुण्याचे पाहुणे, सगळे मागच्या अंगणात जाऊन ओळीने बसले. तिथे आचारी वांगी चिरत होता. वहिनी त्याच्यावर ओरडली, तो अजितदादावर ओरडला, आणि दादा माझ्यावर, कारण तुला बोलवा असं मी सुचवलं होतं.

मेढीपाशी एकटे दिनानाथकाका राहिले. नामाआजोबांचं नाव काही आलं नाही. ते बराच वेळ थांबले. मग मुठीतले तांदूळ त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवले, वरून हात दाबून धरला, आणि पाण्याचं पिंप भरायला गेले. वांगी मी विसरेन, ताई. तो खिसा कसा विसरू?

फोन केला तर तू म्हणालीस, "आवाज माझाच हाय ना? मंग चोरी कोनाची केली?" त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. हंगामात एका दिवसात दोन-तीन हळदी असतात, मान्य. लोक डीजेची वाट बघत असतात, तुझं गाणं कुणी ऐकत नाही, असंही म्हणालीस. काका ऐकत होते. मी ऐकत होते. नव्या घरात शिरलीस की पाणी पिता पिता त्यांच्या माणसांची नावं विचारून घ्यायचीस आणि ती जागच्या जागी चालीत बसवायचीस. हे तुझ्याशिवाय आता या पट्ट्यात कुणाला येतं? तो स्पीकर नावं विचारतो का?

बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुझी (अजूनही रागावलेली)
सत्यवती

ता. क. पोह्याचे पापड मिळाले. उत्तम झाले आहेत. याचा वरच्या मजकुराशी संबंध नाही.

आणखी ता. क. रागाच्या भरात ते रेकॉर्डिंग पुसून टाकू नकोस. वर 'कुणी बाई' असं लिहिलं ते खोटं आहे. मला कान दिलेत, ताई. "बस कर गो" हे इंदूआत्याने म्हटलं, हे मला पहिल्याच शब्दाला कळलं. मांडव उगाच नाही उठला; तिने जेवायला बोलावलं आणि आपण बसून राहिलो, असं कधी झालंय? ती गेल्यापासून तू मांडवात तोंड उघडलेलं नाहीस, हे मला आत्ता लिहिता लिहिता उमगलं. गेलेल्यांना बोलवायचं म्हणजे आता तिलाही बोलवावं लागणार. रेकॉर्डिंगमध्ये ती अजून पानं वाढते आहे.

शेवटचं. पुढच्या महिन्यात माझ्या रुचिकाची हळद आहे, इथे माणगावला. स्पीकर घरी ठेव आणि ये. आधी नामाआजोबांचं नाव घे. दिनानाथकाकांनी ते तांदूळ अजून टाकलेले नाहीत. मग आत्याचं घे. आवाज फुटला तर फुटू दे, मांडव थांबेल. मेढीपाशी मी उभी असेन. तू नाही म्हणणार, मला ठाऊक आहे. फक्त ते फोनवर म्हणू नकोस. हळदीच्या दिवशी मांडवात येऊन, मुठीत तांदूळ धरलेल्या माझ्याकडे बघून म्हण.