माझी मालमत्ता आणि सकाळी सातची सभा

मी, शाळांचे गणवेश शिवणारी, वय वर्षे बासष्ट, राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. 'शुद्धीत' हा शब्द वकील सवयीने घालतात. मी तो पाच वर्षे सात महिन्यांच्या हक्काने घालते आहे.

१. दोन्ही खोल्या व खालचे दुकान माझ्या एकुलत्या मुलीला. पाण्याच्या टाकीमागे किंवा अस्तराच्या गठ्ठ्यात तिला आता काही सापडणार नाही. मी स्वतः सगळे उपसून रिकामे केले आहे. तरी तिने खुशाल पाहावे. पाहायची सवय तिला मीच लावली.

२. शिलाईचे मोठे यंत्र, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री, काजे-बटणे करणाऱ्या बाईंना. ज्या वर्षी मी बत्तीस सदऱ्यांच्या डाव्या बाह्या उजवीकडे आणि उजव्या डावीकडे लावल्या, त्या वर्षी बाईंनी दोन दिवस बसून त्या उसवल्या आणि शाळेला सांगितले, "चूक माझी." मला मात्र म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी मी खरं सांगेन." पुढची वेळ आली. त्यांनी खरे सांगितले, तेही माझ्या मुलीला. चार महिने मी त्यांच्याशी अबोला धरला. त्याची इथे लेखी माफी मागते. तोंडी मागायला गेले की त्या विषय बदलतात.

३. धाकट्या भावाला काही नाही. माझा नवरा गेल्यावर पहिली बाटली त्याने आणली आणि पुढे दर आठवड्याला आणत राहिला. "प्यायली की ताई गप्प पडून असते, डोक्याला ताप नाही," असे तो माझ्या खाटेपाशी उभा राहून बायकोला म्हणाला. त्याला वाटले मी झोपलेय. मी ऐकत होते. अर्थात घशात ओतली ती मीच, हेही नोंदवते. वडिलांचे घड्याळ तेवढे त्याला द्यावे. ते त्यांनी आम्हा दोघांसाठी ठेवले होते.

४. टॅबलेट. तो मुलीने कुरिअरने पाठवला होता, सोबत चिठ्ठी: "रोज सकाळी सात वाजता यावर दारू सोडणाऱ्यांची सभा असते. बसणार नसशील तर छोटीला तुझ्याकडे सोडणार नाही." छोटी म्हणजे माझी नात. डॉक्टरांच्या औषधांनी हाताची थरथर गेली, पण दिवस निभवायला ती सभाच लागली. पडद्यावर बारा चौकोन, बारा माणसे. तीन महिने मी कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत होते, आणि अधूनमधून पीतही होते. एकदा सभा चालवणाऱ्या निवृत्त परिचारिकेने विचारले, "त्या काळ्या चौकोनात कोणी आहे का?"

मी कॅमेरा लावला. "आहे. काल प्यायले."

वाटले, आता काढून टाकतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. चहा घेतला का?" मी हमसून रडले. त्या दिवसापासून प्यायलेली नाही.

गेल्या वर्षी मुलीने छोटीला चार दिवस माझ्याकडे ठेवले. निघताना एकही कपाट उघडून पाहिले नाही. फक्त म्हणाली, "आई, हिला दूध आवडत नाही. मागे लागू नकोस." ती जिना उतरून गेली आणि मी मटकन खुर्चीत बसले. इतके हलके मला कधीच वाटले नव्हते. छोटीने विचारले, "आजी, एकटीच का हसतेस?"

टॅबलेट छोटीला. मात्र त्याआधी मुलीने एका सकाळी सभेला बसून मी गेल्याचे कळवावे. शेवटपर्यंत मी प्यायले नाही, हे सांगावे. प्यायले असेन, तर तसे सांगावे. तिथे रंगवून सांगितलेले कोणालाच नको असते.

साक्षीदार:
(१) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार.
(२) सभेतले निवृत्त बसचालक. अडीच तासांचा प्रवास करून सहीसाठी आले. आजवर त्यांना फक्त खांद्यापर्यंत पाहिले होते. दारातून वाकून यावे लागले इतके उंच निघाले.

ठिकाण: दुकानातले कापड बेतायचे टेबल.
दिनांक: नऊ मार्च, सकाळची सभा आटोपल्यावर.
सही: माझीच. हात स्थिर आहे, साक्षीदारांनी पाहिले.